शंभर बैठका आणि व्हॉट्सॲपचे वस्ताद

"जुने पैलवान हजार-हजार बैठका मारायचे, त्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत. उद्यापासून रोज शंभर मारा. दुखलं तरी थांबू नका. गुडघा कटकट वाजतो म्हणजे वंगण संपलंय. आणि पळू नका, पळण्यानं गुडघे झिजतात." रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या हाच मजकूर फिरतोय.

आधी पैलवान. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग तालमीत पोरं येतात ती कोवळ्या वयात. वस्ताद बैठका वाढवतो त्या हळूहळू, आणि जोडीला मालिश, खुराक, झोप असते. पंचेचाळिशीतला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस पहिल्याच दिवशी शंभर मारायला जातो, तेव्हा यातलं काहीच त्याच्यापाशी नसतं. मांडीचे स्नायू त्यातल्या त्यात लवकर तयार होतात. वाटीखालचा स्नायुबंध बराच मागं राहतो, आणि दुखणं तिथंच सुरू होतं. बरं, पैलवानांचे गुडघे दुखत नाहीत हे कुणी सांगितलं? लिगामेंट तुटणं, गुडघ्यातली गादी फाटणं कुस्तीत नेहमीचंच.

देशी बैठकीत टाचा उचलतात, भार चवड्यावर येतो, गुडघे पुढं जातात. जितकं खोल बसाल तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सरावलेला गुडघा हे सोसतो, त्यामुळं बैठक वाईट असं मी म्हणणार नाही. पण जिना उतरताना ज्याच्या वाटीमागं कळ येते, त्यानं मागं खुर्ची ठेवावी. टेकायचं, हात न लावता उठायचं. दहा-दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की बुटकं स्टूल घ्यावं.

"दुखलं तरी थांबू नका" हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. किंचित दुखून सकाळपर्यंत निवळलं तर चालेल. सूज आली, लंगडायला लागलात, तर थांबा; उतरल्यावर निम्म्यानं सुरू करा.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर सोडून द्या. आवाजाबरोबर गुडघा अडकतो किंवा दगा देतो, तेव्हा डॉक्टर गाठा. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो-सुटतो तसं सांध्यातल्या द्रवातूनच तिचं पोषण होतं. तेव्हा वंगणाच्या भीतीनं बसून राहणं उलटंच.

पळण्याबद्दल २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. गुडघे दुखणारे आधीच पळणं सोडतात, हेही त्यात असणार. तरी हौशी पळणं गुडघे खातं असं काही यातून निघत नाही.

वजनाबद्दल मात्र मजकुरात अवाक्षर नाही. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं घटतो, असं झिजलेल्या गुडघ्यांच्या स्थूल वृद्धांत दिसलंय. (रविवारचा तांबडा-पांढरा सोडा, असं कोल्हापुरात सांगायची माझी छाती नाही.)

आणि जोतिबाला गेलात तर दम चढताना लागतो, गुडघ्यांचा कस उतरताना. तिथं कठडा धरा आणि दुखरा पाय आधी खाली टाका.