घरी नेट घेताय? वर्षाचे पैसे आधीच भरा!

घोडबंदर रोडला राहता आणि घरी नेट घ्यायचंय? मग कंपनी निवडायच्या फंदात पडू नका. डक्टमधून वायर टाकायची परवानगी देतानाच सोसायटीच्या कमिटीने ती निवडलेली असते.

पैसे वर्षाचे एकरकमी भरा, वर 18 टक्के जीएसटी. एकदा भरले की मन कसं शांत होतं. त्यांचं.

वायर कुठून आत घ्यायची ते जोडणाऱ्या पोरावर सोपवा. आमच्याकडे त्याने ती हॉलच्या सरकत्या खिडकीच्या फटीतून घेतली. फायबरच ती, आत काच. जास्त दबली-वाकली की उजेड वाटेतच गळतो. आता खिडकी घट्ट लावली की नेटच्या डब्यावर लाल दिवा, बोटभर उघडली की हिरवा. ठाण्याच्या पावसात नेट हवंय की कोरडा सोफा, एवढंच ठरवायचं.

राउटर मात्र कंपनी देईल तोच घ्या, फुकट असतो. आम्ही 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला. मोबाईलवर वेगाचा काटा 35च्या पुढे जाईना. फोन केला. "सर, तुमचा मोबाईल जुना असेल." मुलीचा नवाकोरा धरला, 35. "सर, भिंती जाड असतील." राउटरच्या मांडीला मांडी लावून बसलो, 35. "सर, लॅपटॉपला केबल लावून बघा." लावली. 94. शेवटी चष्मा चढवला आणि डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं. वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, मोजून तीन, 1, 6 आणि 11, आणि त्यांवर अख्खी बिल्डिंग नांदतेय. 5 गिगाहर्ट्झच्या मोकळ्या, वेगवान बँडचा पत्ताच नाही. केबलच्या पोर्टची कमाल 100. म्हणजे हवेतून आणा नाहीतर तारेतून, 300 या डब्यातून येणंच शक्य नव्हतं! तीनशे लिटरचे पैसे घ्यायचे, शंभरचं पिंप बसवायचं, आणि पाणी कमी पडलं की म्हणायचं तुमचीच घागर गळकी! प्लॅन तुमचा, डबा तुमचा, आणि खोट माझ्या मोबाईलमध्ये?

असो. कुरकुरू नका. 2023 पासून सरकारच्या लेखी 2 एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँडच. त्याआधी तर 512 केबीपीएसवर, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसवर भागत होतं.

तक्रार जरूर करा. सुटल्याचा मेसेज लगेच येतो.

मेसेजच्या आधी फोन येतो. "सर, एक ओटीपी आलाय तो सांगा ना, कंप्लेंट क्लोज करायचीय." म्हटलं, अरे, अजून कोणी आलंच नाही. "सर, आमच्यावर टार्गेट असतं. माणूस उद्या नक्की पाठवतो." मी दिला. गाढवासारखा दिला. त्याला आज नऊ दिवस झाले.

तेव्हा तुम्ही तरी शहाणे व्हा. काम झाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, समोरचा कितीही गयावया करो. पैसे भरण्याआधी राउटर कुठला, दोन्ही बँडचा आहे का, पोर्ट गिगाबिट म्हणजे 1000 एमबीपीएसचे आहेत का, हे लेखी मागा. कमिटीच्या मीटिंगला जाऊन विचारा, एकाच कंपनीला परवानगी का? घरी बसून ग्रुपवर रडगाणी कसली गाता?

आणि कंपनीवाल्यांनो, चांगला राउटर हवा तर आणखी पैसे भरा म्हणता? एक रुपया मिळणार नाही. ठरलेला वेग द्या, आणि आधी ती वायर माझ्या खिडकीतून काढा.