तळायचं नाही, मग कसला त्रास?

दिवाळीच्या फराळात यंदा चीज स्ट्रॉ, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या चीजच्या खुसखुशीत काड्या, करायचं ठरलं, की घरातला पहिला शेरा ठरलेला असतो : "बरं झालं, तळायचं तरी नाही." हा शेरा कायम स्वयंपाकघराबाहेर बसलेल्या माणसाकडून येतो. चकली तळताना निदान कढई डोळ्यांसमोर असते. बुडबुडे कमी झाले की चकली झाली, तेल धुरावलं की गॅस बारीक. ओव्हनचा सगळा कारभार बंद दाराआड चालतो. आत काड्या पसरून बिस्किटं होत असतात आणि आपण बाहेरून काचेला नाक लावून उभे.

पदार्थ तसा परका नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नाताळात, लग्नात, अगदी मयताच्या घरी न्यायच्या डब्यातही या काड्या असतात. तिथे त्या कुकी प्रेसमध्ये चांदणीची चकती घालून पाडतात; म्हणजे आपला सोऱ्याच. इंग्रज लोक पफ पेस्ट्रीच्या पट्ट्यांना पीळ देऊन करतात. ज्यांची चिरोट्यांनी हौस फिटत नाही त्यांनी ती कसरत खुशाल करावी. माझं मत सोऱ्याला.

प्रमाण असं : २०० ग्रॅम चेडार चीज, १०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम मैदा, खुसखुशीतपणासाठी दोन टेबलस्पून तांदळाची पिठी, अर्धा चमचा लाल तिखट. बोटभर लांबीच्या साठेक काड्या होतात. इथे वाटीचा हिशेब चालत नाही, कारण किसलेलं चीज वाटीत दाबून भरलं तर एक वजन आणि भुरभुरलं तर दुसरंच. मीठ चीजमध्ये असतं, खारट बटरमध्येही असतं. तेव्हा वेगळं घालायचंच तर चिमटीत मावेल तेवढं.

चीजवर मात्र घरात वाद होतो. फ्रिजमध्ये प्रोसेस्ड चीजचा ठोकळा असतोच, "तेच घाल की, चीज ते चीज." प्रोसेस्ड चीजमध्ये पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणारे क्षार असतात. त्यामुळे ते भट्टीत आपलं तूप सोडायला तयार नसतं, आणि काडी खुसखुशीत न होता पावाच्या कडेसारखी लागते. मोझरेला त्याहून वाईट : त्याच्या तारा निघतात आणि चवीच्या नावाने शंख. निदान नऊ-दहा महिने मुरलेलं चेडार घ्यावं. तयार किसलेलं पाकीट नको, कारण कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च चोळलेला असतो आणि त्याने पीठ कोरडं पडतं. किसणीच्या बारीक बाजूने स्वतः किसावं. जाड किसाचा एक तुकडा चांदणीच्या टोकात अडकला, की पुढची प्रत्येक काडी एका अंगाने फाटत येते.

आता खरी गोम. परदेशी कृतीत लिहिलेलं असतं, बटर आणि चीज 'रूम टेंपरेचरला' आणा. ती रूम त्यांची, वीस अंशांची. आपली दिवाळी येते ऑक्टोबर हीटच्या शेपटीला धरून. नागपुरात नाहीतर भर दुपारी पुण्यातही ओट्यावर तासभर ठेवलेलं बटर मऊ होत नाही, त्याचं तेल होतं. अशा बटरचं पीठ सोऱ्यातून झकास पडतं, काड्यांच्या कडा सुरेख उमटतात आणि ओव्हनमध्ये पाच मिनिटांत सगळं जमीनदोस्त. बटर बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट चकचकीत होऊ नये, इतकंच मऊ हवं. त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उलट पीठ फार गार राहिलं तर सोऱ्याचा दांडा फिरत नाही, आणि मग "दे इकडे" म्हणत घरातले पुरुष पुढे येतात. सोऱ्याचे कान अशाच वेळी तुटतात.

बटर आणि चीज आधी फेसून घ्यायचं, मग मैदा, पिठी, तिखट. आणि मळायचं नाही! आयुष्यभर कणीक तिंबलेल्या हातांना हे सांगून पटत नाही. चकलीच्या भाजणीत मोहन जे काम करतं तेच इथे बटर करतं : पिठाच्या कणांवर थर देतं, चिवटपणा येऊ देत नाही. जोर लावून मळलं की मैद्याला ताण येतो आणि काडी दाताला कडक लागते. नुसतं गोळा करायचं, हाताला सुटं लागेनासं झालं की थांबायचं.

काड्या बेकिंग पेपरवर पाडायच्या. मेणाचा लेप असलेला कागद घातला तर फराळाआधी धूर होतो. पाडलेला ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे कडा टिकतात. ओटीजीचे, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचे, दोन्ही रॉड चालू करून १७५ अंशांना पंधरा मिनिटं आधी तापवायचा, ट्रे मधल्या खाचेत. चौदा ते सोळा मिनिटं लागतात, अर्ध्यावर ट्रे फिरवायचा. बटणावरचा आकडा आणि आतला खरा आकडा यांचं फारसं पटत नाही, तेव्हा दहा मिनिटांनंतर जागचं हलू नये. कडेला बदामी रंग आला की बाहेर. चीज जास्त तांबूस झालं की कडवट होतं, आणि त्यावर उपाय नाही.

बाहेर काढलेली काडी मऊच असते. इथे नवख्यांचा धीर सुटतो आणि ते ट्रे परत आत ढकलतात. जाळीवर पूर्ण निवू द्यावी. तरीही मधे मऊ राहिली तरच १४० अंशांना आणखी सहा-सात मिनिटं. कोमट असताना डब्यात भरली तर स्वतःच्या वाफेने सादळते.

एवढं करून भाऊबीजेला ताट पुढे गेलं, की आत्या काडी उजेडात धरून विचारतात, "कच्च्या राहिल्यात का गं?" परदेशी चेडारचा केशरी रंग बहुतेकदा शेंद्रीच्या बियांचा असतो, आपल्याकडचं चेडार फिकट. अर्धं तिखट काश्मिरी घातलं, की आत्यांचा प्रश्न मिटतो. काकांचा मिटत नाही, कारण काका विचारतच नाहीत. "बेक्ड आहे ना, मग हरकत नाही," म्हणत ते सातवी उचलतात. बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश, चेडारमध्ये तेहतीसच्या आसपास. म्हणजे साठ काड्यांत जवळपास दीडशे ग्रॅम. हा हिशेब मामींना आधी सांगावा. काकांना कधीच सांगू नये, नाहीतर ते चकलीकडे वळतात आणि चकल्या मोजून केलेल्या असतात.

सोऱ्या एकच असेल तर चकल्या आधी पाडाव्यात, चीजचं पीठ नंतर. उलट क्रम झाला तर भाजणीच्या चकलीला चेडारचा वास येतो आणि सासूबाई तो दारातून ओळखतात. चांदणीच्या खाचांतलं चीज वाळायच्या आत कोमट पाण्यात भिजवून टूथपिकने काढावं. वाळल्यावर ते काढायला पुढची दिवाळी उजाडते.