कपिलेचं पोट दिसत नाही, कासही सांगत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, एकटीच व्यालेली कालवड, सकाळी करवंदीच्या जाळीत दिसलेली वार (व्याल्यावर पडणारं गर्भाचं आवरण) आणि न सापडलेलं वासरू. हे वाचून लगेच काही लिहिणं जमलं नाही. आज सकाळी गोठ्यातली कामं उरकली आणि आता बसले आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, सहाव्या महिन्यात गाभण गायीचं पोट स्पष्ट दिसतं आणि व्यायच्या महिनाभर आधी कास उतरते. तुमच्या कोकण कपिला (आपल्याकडची लहान चणीची देशी गाय) कालवडीचं पोटही दिसलं नाही आणि कासही आठवडाभर आधीपर्यंत नावालाच होती. म्हणून ती गाभण नाही असं धरून तुम्ही तिला कळपाबरोबर सोडत राहिलात. दुसरं, थर्मामीटर लावायचा माझा सल्ला तुम्हाला शहरी थेर वाटला. तुमची आजी गायीच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या मुळाजवळच्या भागावर, हात ठेवून ती कधी विणार ते सांगायची. तिसरं, ‘डॉक्टरांना बोलवा’ हे दवाखान्याशेजारी राहणाऱ्यानं लिहावं, असं तुम्ही म्हणता.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. ते वाक्य जर्सीच्या संकरित गायींना लागू पडतं. त्या गायी मी माहेरी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि तेच डोळ्यांत बसलेलं कपिलेच्या लेखात उतरलं. आपली कपिला 200 ते 250 किलोंची. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गायीची कास महिनाभर आधी टरारून येईल, अशी अपेक्षाच चुकीची होती. ते वाक्य मी आज काढलं आहे आणि तिथे या उत्तराचा दुवा दिला आहे.

पोट का दिसत नाही, ते आधी सांगते. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. सहाव्या महिन्यात पोटातलं वासरू अजून लहानच असतं, आणि कपिलेचं तर जन्मतानाही लहानच. त्यात गायीच्या डाव्या बाजूला भलंमोठं कोटीपोट असतं, म्हणजे चारा साठवायचं पहिलं पोट. दिवसभर सड्यावर चरून आलेली, वर पेंढा खाल्लेली गाय संध्याकाळी दोन्ही बाजूंनी सारखीच फुगलेली दिसते. आपण गुरं नीट बघतो तीही नेमकी संध्याकाळीच, ती घरी आल्यावर. म्हणून बघायचं ते पहाटे, वैरण टाकायच्या आधी, गाय सपाट जागी चारही पायांवर सारखी उभी असताना, तिच्या मागे उभं राहून. गाभ मोठा होऊ लागला की उजवी कूस खालच्या अंगाला उतरलेली दिसते. एका दिवसात यातलं काही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून फोटो काढला तर फरक कळतो. मी आता तेच करते.

सातव्या महिन्यापासून हातालाही कळतं. गायीनं सकाळी गार पाणी प्यायल्यावर उजव्या कुशीच्या खालच्या भागावर मूठ टेकवायची, हळूच आत दाबायची आणि तशीच धरून ठेवायची. आत काहीतरी टणक मुठीला येऊन टेकतं आणि दूर जातं. पहिल्यांदा ते जाणवतं तेव्हा अंगावर काटा येतो. गुद्दे मात्र मारायचे नाहीत. आणि काही लागलं नाही म्हणून गाय रिकामी, असंही धरायचं नाही. वासरू त्या वेळी पलीकडे वळलेलं असू शकतं.

आता कास. पहिलारू कालवडीची कास चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हळूहळू आकार घेते, पण कपिलेत हा आकार पेलाभर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. हात लावला तर कातडी मऊ, किंचित भरल्यासारखी लागते आणि सुरकुत्या कमी झालेल्या असतात. दोन-तीन वेतं झालेल्या गायीत तर कास खरी भरते ती शेवटच्या आठ-पंधरा दिवसांत, आणि माझ्या एका गायीत शेवटच्या दोन दिवसांत भरली. तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांनी सड पिळून बघायला सांगितलं होतं, मधासारखा चिकट पदार्थ आला तर गाभण. जुनी माणसं हे करतात आणि त्यात तथ्य आहेही. पण सडाच्या टोकाशी तो चिकट पदार्थ बुचासारखा बसलेला असतो. ते बूच काढलं की जंतूंना वाट मोकळी होते आणि व्यायच्या आधीच सडाला दगडी (कासेचा दाह) होऊ शकते. तुम्ही पिळलं नाहीत, ते बरं केलंत.

या सगळ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. आपल्याकडे गाय कधी लागली, म्हणजे वळूकडून कधी फळली, हेच कुणाला ठाऊक नसतं. भात कापून झाला की गुरं उनाड सुटतात ती पावसाळ्यापर्यंत, आणि वळूही त्यांच्यातच फिरत असतो. गोठ्यात बांधलेल्या जर्सीला कृत्रिम रेतन केल्याची चिठ्ठी असते. आपल्याकडे चिठ्ठी नाही, म्हणून पोट आणि कास यांच्यावर सगळा भार. आणि लहान चणीच्या गायीत हीच दोन लक्षणं सगळ्यांत उशिरा बोलतात.

त्यामुळे माज, म्हणजे गाय फळायला तयार असल्याची वेळ, बघण्याला पर्याय नाही. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. हंबरणं, दुसऱ्या गुरांवर उड्या मारणं, निरणातून (योनिद्वारातून) काचेसारखा पारदर्शक चिकट सोट, सारखं थोडंथोडं मुतणं. यातलं काही दिसलं की कॅलेंडरवर खूण करायची. 21 दिवसांनी पुन्हा माज आला नाही तर गाभण असण्याची शक्यता धरायची, पण शक्यताच. उन्हाळ्यात अंग उतरलेल्या कपिलेचा माज बऱ्याचदा मुका असतो, कधी येतच नाही. आणि काही गाभण गायी माज दाखवतातही, म्हणून तपासल्याशिवाय पुन्हा भरवायची घाई करू नये.

आजी-आजोबा ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणायचे ना, ते आजही चालतं. 1 मार्चला लागलेली गाय त्या हिशेबानं 10 डिसेंबरला व्यावी. हे होतात 284 दिवस. आठ-दहा दिवस मागेपुढे धरायचेच. तिथीनं मोजणाऱ्यांनी शिमग्याच्या पुनवेला लागलेली गाय मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपास धरावी. मध्ये अधिक महिना आला तर हा हिशेब महिन्यानं चुकतो, तेव्हा दिवसच मोजलेले बरे.

आता तुमच्या आजींबद्दल. तुम्ही मला विरोध म्हणून लिहिलंत, पण त्या करायच्या तीच खूण मी सगळ्यांत वर ठेवीन. शेपटीच्या मुळापासून दोन्ही बाजूंच्या बुडाच्या हाडांपर्यंत जाड पट्ट्या (अस्थिबंध) असतात. एरवी त्या बोटाला ताणलेल्या दोरीसारख्या लागतात. व्यायची वेळ जवळ आली की त्या सैल पडू लागतात आणि शेवटच्या दिवशी बोट मळलेल्या कणकेत गेल्यासारखं आत जातं. लेखात मी ‘शेपटीच्या मुळाशी खड्डे पडतात’ एवढंच लिहिलं होतं, तेही अपुरं होतं. चैत्र-वैशाखात आपल्या गायींच्या पुठ्ठ्यावर खड्डे असतातच, गाभण असोत वा नसोत. डोळ्यांनी फसायला होतं, हातानं नाही. पण हाताला ‘सैल’ कळायला आधी ‘घट्ट’ माहीत लागतं. म्हणून गाभण वाटणाऱ्या गायीच्या पुठ्ठ्यावर शेवटचा महिनाभर रोज हात फिरवावा.

गेल्या पौषात आमची तांबू तिसऱ्यांदा व्याली. संध्याकाळपर्यंत कास अर्धीच भरलेली, खाणंपिणं नेहमीसारखं. फक्त पुठ्ठ्यावरची दोरी हाताला लागेना, शेपूट उचलली तर लुळी वर आली आणि निरण सुजून सैल झालेलं. कासेवर गेले असते तर झोपले असते. पातेरा (सुका पाला) अंथरून जागी राहिले. पहाटे चारला पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली आणि उजाडायच्या आत वासरू उभं राहून सड शोधत होतं.

थर्मामीटर मी आजींच्या हाताच्या जागी सुचवला नव्हता. ज्यांना तो हात वारशानं मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो आहे. एरवी गायीचं तापमान साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, व्यायच्या आधीच्या दिवसभरात ते अर्धा ते एक अंशानं उतरतं. तापाचा साधा थर्मामीटर चालतो. रोज एकाच वेळेला बघायचं, कारण सकाळ-संध्याकाळचा फरकही असतो. तुमचा हात बसलेला असेल तर तुम्हाला त्याची गरज नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

सड्यावर नेमकं काय झालं असेल, हे तुम्ही विचारलंत. कपिला व्यायच्या आधी कळपातून बाजूला होते, आडोसा शोधते. व्याल्यावर वासराला झुडपात लपवून स्वतः चरायला जाते, कधी संध्याकाळी कळपाबरोबर घरीही येते. आलेल्या गायीची कूस एकदम बसलेली असेल, शेपटीला रक्ताचे डाग असतील, ती मागे वळून हंबरत असेल, तर त्याच पावली तिच्या मागोमाग रानात जावं. वासरापर्यंत तीच नेते. यावरून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: गाभण असण्याचा नुसता संशय असला तरी हिशेबाच्या तारखेआधी तीन आठवडे गाय सड्यावर सोडायची नाही. तारीख ठाऊक नसेल तर कास जराशी जरी भरलेली लागली की त्या दिवसापासून घरी.

डॉक्टरांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. माझ्या घरापासूनही दवाखाना लांब आहे आणि पावसात रस्ता बंद होतो. म्हणूनच डॉक्टर लागतात ते आधी. लागल्यापासून अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घेतली तर पुढचा अर्धा अंदाज संपतो. गावात लसीकरणाला डॉक्टर येतात, त्याच दिवशी गाय बांधून ठेवून तपासायला सांगावी. घरच्या माणसानं हात घालून बघू नये. कपिलेच्या कालवडीत जागा अरुंद असते, इजा होते आणि गाभही जाऊ शकतो.

व्यायच्या वेळी 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक फोनमध्ये असू द्या. पथक लवकर पोहोचेल याची हमी मी देत नाही, म्हणूनच फोन वेळेत करायचा. पाणमोट फुटून तासभर झाला आणि पाय दिसत नाहीत. पाय दिसून अर्धा तास गेला आणि वासरू पुढे सरकत नाही. एकच पाय किंवा नुसतं डोकं आलंय. किंवा खुरांचे तळवे आकाशाकडे आहेत, म्हणजे बहुधा मागचे पाय आधी आलेत. यातलं काहीही दिसलं की थांबू नये आणि चार जणांनी मिळून दोर बांधून ओढूही नये. सरळ येणाऱ्या वासराचे दोन पुढचे पाय, तळवे जमिनीकडे, आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसतं. तसं दिसलं तर लांब बसून राहावं, गाय आपलं आपण करते.

अडलेल्या कपिला मी पाहिल्या त्यांत बहुतेकींना जर्सीचं वीर्य दिलेलं होतं. लहान कटीच्या कालवडीला, तेही पहिल्या वेताला, मोठ्या जातीचं वासरू लादणं हा तिच्यावर अन्याय आहे. हे मी याआधीही लिहिलं आहे आणि लिहीत राहीन.

वार बारा तासांत पडायला हवी. तुमच्या कालवडीची सड्यावर सापडली ती पूर्ण होती का, ते मात्र तुमच्या लिहिण्यावरून कळलं नाही. तिला दुर्गंधी येणारा स्राव असेल, खाणं कमी असेल किंवा ताप वाटत असेल तर आजच डॉक्टरांना कळवा. वार उघड्या हातांनी उचलू नका, खोल पुरा. वासरू नसलं तरी तिची कास दोन्ही वेळा रिकामी करत राहा, नाहीतर ती दगडावेल. पान्हा सोडत नसेल तर सुरुवातीला जबरदस्ती न करता कोमट पाण्यानं कास धुऊन चोळून बघा.

दोनेक महिन्यांत ती माजावर येईल. त्या दिवसाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा आणि मलाही कळवा. मी माझ्याकडे नोंदवून ठेवीन आणि 260 व्या दिवशी तुम्हाला आठवण करीन की, आता तिला सड्यावर सोडू नका.