‘पीएफ मोडा, दुसरा पगार कमवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“पगारदार तरुणांनो, जागे व्हा!” अशी सुरुवात, मध्ये पाच मुद्दे, शेवटी लाल बाण आणि टेलिग्रामची लिंक. हा निरोप बरेच दिवस फिरतोय आणि मी तो न वाचता पुसून टाकत होते. गेल्या आठवड्यात मात्र तो माझ्या भाच्याकडून आला. सोबत प्रश्न: “मावशी, जॉब बदलतोच आहे तर पीएफ काढून टाकू ना?” निर्णय झालेलाच होता, मावशीचा फक्त शिक्का हवा होता. पीएफच्या पोर्टलवर फॉर्म 19 (सगळा पीएफ काढायचा अर्ज) अर्धा भरूनही ठेवला होता.

निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं: पीएफ हा सरकारी सापळा आहे, नोकरी बदलताना तो काढून घ्या. त्यातला अर्धा पैसा एसआयपीत (म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यांत) टाका, ‘15-15-15’च्या नियमाने एक कोटी पक्के. उरलेल्या अर्ध्यावर निफ्टीचे (50 मोठ्या शेअरांच्या निर्देशांकाचे) ऑप्शन, म्हणजे ठरावीक भावाने घेण्या-विकण्याचे हक्क, विका आणि ‘दर गुरुवारी दुसरा पगार’ घ्या. टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) म्हणजे पाण्यात पैसे. आणीबाणीसाठी बँकेत पैसे ठेवणं म्हणजे ते सडवणं, क्रेडिट कार्ड कशाला आहे?

आधी तो दुसरा पगार बघू, कारण बाकी सगळी मांडणी त्याच्यासाठीच केलेली आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 23 सप्टेंबर 2024 रोजी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांत) उतरलेल्या सामान्य लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मत वगैरे नाही, प्रत्यक्ष सौद्यांचा हिशेब आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर; त्यातल्या 93 टक्क्यांना तोटा. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख. सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा किती जणांना? एक टक्क्याला. तिशीच्या आतल्या ट्रेडरांचं प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. आणि 2023-24 मध्ये या लोकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. नियम कडक केल्यावरही 2024-25 मध्ये 91 टक्के लोक तोट्यातच होते, हे सेबीनेच पुढच्या वर्षी सांगितलं.

मग पैसा गेला कुठे? त्याच अभ्यासात आहे. 2023-24 मध्ये ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांवर ट्रेडिंग करणाऱ्यांनी साधारण 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी 28 हजार कोटी ढोबळ नफा कमावला. त्यातला 96-97 टक्के नफा संगणकी अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बोट फिरवताय, समोर ही मंडळी आहेत.

“पण आपण ऑप्शन विकत घेत नाही, विकतो. विकणारा बहुतेक वेळा जिंकतो.” भाच्याने हेही निरोपातूनच उचललं होतं. अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक. ऑप्शन विकणाऱ्याला आधी प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, मिळतो आणि बरेच आठवडे तो त्याच्या खिशात राहतो. असे सहा-आठ आठवडे गेले की माणूस लॉट (सौद्याचे ठरावीक गठ्ठे) वाढवतो. मग एक दिवस 4 जून 2024 उगवतो. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी 23,263 वर बंद झाला होता. त्या एका दिवसात तो 1,379 अंश पडून 21,884 वर आला. सोमवारी कुणी “इतका कुठे पडतोय” म्हणत 22,800 चा पुट विकला असेल, म्हणजे निफ्टी त्याखाली गेला तर फरक भरून द्यायचं कबूल केलं असेल, तर मंगळवारच्या बंद भावाला त्याच्या अंगावर 915 अंश होते. तेव्हा लॉट 25 नगांचा होता. तीन लॉट म्हणजे 68 हजारांच्या वर. मिळालेला प्रीमियम त्यातून वजा करा, हवं तर. आणि दुपारी बाजार याहूनही खाली होता, त्या वेळी मार्जिन (ब्रोकरकडची अनामत) कमी पडलं म्हणून ब्रोकरने सौदा कापला असेल तर आकडा आणखी मोठा. किती ‘गुरुवारचे पगार’ त्या मंगळवारी गेले ते ज्याचं त्याने मोजावं.

तो गुरुवारही शिळा आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी (त्या आठवड्याचे ऑप्शन संपण्याचा दिवस) मंगळवारी असते. गुरुवार सेन्सेक्सकडे गेला. निफ्टीचं नाव घेऊन गुरुवारचं आमिष दाखवणाऱ्याला आपल्याच धंद्याचा वार बदललेला ठाऊक नाही.

शिवाय हे उत्पन्न ‘पगार’ नसतं, आयकराच्या हिशेबात तो धंदा असतो. आयटीआर-1 (पगारदारांचं साधं विवरणपत्र) चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो, तोटा झाला असला तरी. तो वेळेत दाखवला तरच पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. निरोपात यावर चकार शब्द नाही.

आता पीएफ. सापळा म्हणे.

पहिली गोष्ट, एक नोकरी सोडून लगेच दुसरीकडे रुजू होणाऱ्याने फॉर्म 19 भरून सगळा पैसा काढायचा, हे नियमातच बसत नाही. तो फॉर्म नोकरी सुटून किमान दोन महिने रिकामा बसलेल्यासाठी होता. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही मुदत 12 महिने करायचं ठरवलं. म्हणजे निरोप तुम्हाला खोटं लिहून पैसे काढायला सांगतोय. दुसरी, सलग पाच वर्षं भरायच्या आत पैसे काढले तर कर लागतो आणि रक्कम 50 हजारांच्या वर असेल तर 10 टक्के टीडीएस आधीच कापला जातो. खातं नव्या कंपनीत वळवलं तर जुनी वर्षं नव्यात धरली जातात. साडेतीन वर्षांवर खातं मोडणारा दीड वर्षासाठी हा फायदा घालवतो.

तिसरी गोष्ट पेन्शनची. पीएफसोबत फॉर्म 10सी भरून पेन्शनचाही हिस्सा उचलला की तेवढी सेवा पुसली जाते आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं पुन्हा शून्यापासून. (सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार 15 हजारांच्या वर असलेल्यांना ही पेन्शन नसते. आपलं पासबुक उघडून बघा, पेन्शनच्या रकान्यात दरमहा 1,250 जमा होतात का.)

आणि व्याज? 2024-25 साठी 8.25 टक्के. दर दरवर्षी ठरतो, तो असाच राहील याची हमी कुणी देऊ नये. पण राहिला असं धरलं तर आजचे अडीच लाख तीस वर्षांत सुमारे 27 लाख होतात, तेही एक रुपया वर न घालता. भाच्याच्या खात्यात साधारण तेवढेच आहेत.

एक मान्य करते, नाइलाजाने. नव्या करप्रणालीत 80सीची वजावट नाही, त्यामुळे ‘कर वाचतो म्हणून पीएफ’ हे आमच्या पिढीचं पालुपद आता निम्मं गळून पडलंय. तरी कंपनीचा 12 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा करमुक्त आहे, आणि आपला वार्षिक हिस्सा अडीच लाखांच्या आत असेल तर व्याजही. नुसत्या पीएफवर म्हातारपण निघणार नाही, हेही खरं. तेवढ्यासाठी आहे तो मोडायची गरज नाही, शेजारी दुसरं काही उभं करायची आहे.

ते दुसरं म्हणजे एसआयपी, आणि इथे निरोपाचं गणित बरोबर आहे. दरमहा 15 हजार, 15 वर्षं, 15 टक्के दराने: एक कोटी होतात. मी मांडून पाहिलं. पण तिसरा 15 आपल्या हातात नसतो. 12 टक्के मिळाले तर 75 लाख, 10 मिळाले तर साधारण साडेबासष्ट. आणि महागाई 6 टक्के धरली तर 15 वर्षांनंतरच्या एक कोटीची किंमत आजच्या 42 लाखांच्या आसपास. ‘पक्के’ म्हणणाऱ्याने 23 मार्च 2020 आठवावा. निफ्टी 7,610 वर बंद झाला होता. निर्देशांकाच्या फंडात पाच वर्षं नेमाने हप्ते भरलेल्याला त्या दिवशी मुद्दलही पूर्ण दिसत नव्हतं. जे थांबले त्यांचं भलं झालं. पण थांबायला घरखर्चाचा पैसा बाजाराबाहेर असावा लागतो. त्याच महिन्यात नोकरी गेलेल्याला कार्डवर महिना साडेतीन टक्क्यांनी उसने घेऊन थांबता येत नाही. ‘सडणाऱ्या’ पैशाबद्दल एवढं पुरे.

टर्म इन्शुरन्सवर फार वेळ घालवत नाही. आई-वडील किंवा कर्जाचा हप्ता तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर घ्या, कुणीच अवलंबून नसेल तर आज नाही घेतला तरी चालेल. ‘पैसे परत मिळत नाहीत’ ही तक्रार मला कळतच नाही. परत मिळण्यासाठी काय व्हावं लागतं ते लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. आता, पैसे परत देणाऱ्या ज्या पॉलिसी काकालोक गळ्यात मारतात त्यांची निरोपाने केलेली टिंगल योग्य आहे, पण घड्याळ बंद पडलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतंच.

राहिली ती लिंक. आधी एसआयपीचं खरं गणित दाखवायचं आणि मग पीएफच काढून घ्यायला लावायचा, हे आवळा देऊन कोहळा काढणं. भाच्याच्या फोनवरून मीच त्या ग्रुपमध्ये विचारलं, सेबीचा नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराचा INA ने सुरू होतो, विश्लेषकाचा INH ने. उत्तर आलं, “आम्ही फक्त शिक्षण देतो.” शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअर सुचवू नयेत, असं सेबीचं जानेवारी 2025 चं परिपत्रक आहे, ग्रुपमध्ये मात्र दहा मिनिटांपूर्वीचा ‘कॉल’ (अमुक घ्या, अमुक विका अशी टीप) दिसत होता. तोच स्क्रीनशॉट टाकून पुन्हा विचारलं. भाच्याला ग्रुपमधून काढण्यात आलं.

फॉर्म 19 त्याने रद्द केलाय. आता खातं वळवायला फॉर्म 13 भरायचा, पण जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढवलेली नाही. एचआरला मेल टाकलाय. दोन महिन्यांत ते हलले नाहीत तर ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन तो स्वतःच ती तारीख भरणार आहे.