शेरा : कुटुंबप्रार्थना आढळली नाही

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावर सध्या आमच्या घराच्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं आहे : 'मंगळवार. प्रत्यक्ष पाहणी केली. कुटुंबप्रार्थना आढळली नाही.' आढळली नाही! जणू ती उमरेडच्या जंगलातली वाघीण होती आणि सफारीवाले हात हलवत परत आले. रविवारी उपासना सुटल्यावर त्या फलकाभोवती जी गर्दी जमली, तेवढी नाताळच्या केकच्या टेबलाभोवतीही जमत नाही. माझ्या मेहुणीने फोटो काढला आणि जबलपूरच्या नातेवाइकांना पाठवून दिला. तिथून लगेच हात जोडलेली चित्रं आली. 'तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत.'

झालं ते असं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तसं मंडळीनेही ठरवलं की या वर्षी वचन आणि कुटुंब यांना अग्रक्रम द्यायचा. घरोघरी छापील तक्ते वाटले : तारीख, शास्त्रभाग, उपस्थित कुटुंबीय, प्रार्थना कोणी केली, कुटुंबप्रमुखाची सही. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. म्हणजे वर्षाच्या आत सहासष्ट पुस्तकं, 1189 अध्याय, सगळं पवित्र शास्त्र पार. इथवर माझी तक्रार नव्हती. पण तक्ते तपासायचं काम कमिटीतल्या एका ज्येष्ठांकडे गेलं, आणि ते सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांना इथे नुसतं काका म्हणतो.

मंगळवारी संध्याकाळी पाऊस कोसळत होता. लाइट जाऊन नुकतीच आली होती. आठला बसायचं म्हणून मुलाने शास्त्र काढून ठेवलं होतं, बायको अंबाडीची भाजी निवडत होती, आणि दारात रेनकोट, छत्री आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर घेऊन काका उभे.

"प्रेज द लॉर्ड. मी बसत नाही."

बसत नाही म्हणून आलेला माणूस किती वेळ बसतो हे नागपूरकरांना सांगायला नको. त्यांनी चष्मा पुसला, आमचा तक्ता मागितला, आणि तो उजेडाकडे धरून असा पाहिला की मला उगीचच घाम फुटला.

"हा कोनी भरला?"

"मी."

"सगळा एकाच पेनानं?"

"घरात एकच पेन चालतो, काका."

"तेच तं म्हंतो नं मी. एक तारखेपासून शाई एक, अक्षर एक, सहीचं वळनही एक. हे रोजच्या रोज भरलेलं दिसत नाही. बसून एकदम भरलं." मग जरा मायेने, "भरतेत लोक. आमच्या डिपार्टमेंटातही भरत होते."

मी म्हटलं, वाचलं तर रोज आहे, सह्या रविवारी केल्या.

"वाचलं याचा पुरावा काय? सहीच नं?"

यावर कोणता पाळक, म्हणजे पास्टर, काय उत्तर देईल मला ठाऊक नाही. काकांनी बोट पुढच्या रकान्यावर नेलं.

"गुरुवार. उपस्थित चार. पन तुमचा पोरगा तं गुरुवारी चर्चमध्ये गायनाच्या प्रॅक्टिसले होता. मी सोता पाह्यलं. मंग चार कसे?"

"तो आल्यावर वाचलं नं, काका," बायको म्हणाली. "साडेनऊले. झोपत होता तरी वाचलं."

"वेळेचा रकाना नाही. ते चूक आमची. पुढच्या तिमाहीत घालू."

आता हे बघा. सोमवारी मी कमिटीच्या हिशेबाला. मंगळवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी घरप्रार्थना. बुधवारी बायको महिला संघाला. गुरुवारी पोराचं गायन. शुक्रवारी उपासाची प्रार्थना. शनिवारी संडेस्कूलची तयारी, कारण मुलगी तिथे लहानांना गोष्ट सांगते. आम्हा चौघांना एका छपराखाली बसू न देण्याचं काम जे खातं करतं, तेच खातं घरी येऊन विचारतं की तुम्ही चौघं एका छपराखाली का बसत नाही. त्या मंगळवारी योगायोगाने घरप्रार्थना रद्द झाली होती. म्हणून तर आम्ही सगळे घरी होतो. म्हणून तर काकाही मोकळे होते.

तेवढ्यात पोराने आजचा भाग उघडला. पवित्र शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाचे अध्याय तेरा, चौदा, पंधरा. योजना करणाऱ्याला साष्टांग सलाम : जुलैचा पाऊस, दमट भिंती, आणि नेमका लेवीय चौदावा अध्याय, ज्यात घरालाच चट्टा पडतो. घरमालकाने जाऊन याजकाला, म्हणजे पुरोहिताला, कळवायचं, याजक यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढायचं, मग याजकाने भिंतीवरचे हिरवट-तांबूस खळगे पाहायचे आणि घर सात दिवस बंद करायचं. पोरगा सहावीत आहे. त्याने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा कूलरच्या मागच्या भिंतीकडे, जिथे दर पावसाळ्यात ओल येते, आणि मग काकांकडे.

"आजोबा, तुम्ही याजक आहे का?"

मी हसू दाबलं. काका मात्र उठले. मोबाइलचा टॉर्च लावला, कूलर दोन बोटांनी सरकवला, नखाने रंग खरवडला.

"हे हिरवट नाही. पिवळट आहे. वॉटरप्रूफिंग कोनी केलं?"

आणि तिथून पुढे काकांनी मोशेचं नियमशास्त्र सोडून गच्चीचा उतार धरला. पाइप कुठे चुकला, ठेकेदाराने सिमेंटात काय खाल्लं, 1994 च्या पुरात त्यांच्या मामांच्या घराचं काय झालं. चहा झाला. चहासोबत चिवडा झाला. मुलीने दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, पंधरावा अध्याय पण मोठ्याने वाचायचा का?" तो शरीरातल्या स्रावांवर आहे. काकांच्या कानावर ते गेलंच. "पंधरावा मोठ्यायनं मनात वाचावा," असा निर्णय देऊन ते हिस्लॉपसाहेबांवर आले.

नागपूरचा ख्रिस्ती माणूस कुठूनही निघाला तरी शेवटी हिस्लॉपसाहेबांवर येतो. स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून नागपुरात आले, शाळा काढली, दगड गोळा केले, गोंड लोकांबद्दल लिहिलं, आणि 1863 साली रात्री एकटे परतताना नाल्यात बुडून गेले. काका हे असं सांगतात की घोडा त्यांनीच धरला होता. तिथून 29 नोव्हेंबर 1970, जेव्हा नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि काका त्या गर्दीत हाफपँटमध्ये होते. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र बसल्या, आणि आमचे चौघे काही अजून बसले नव्हते.

मध्ये काकांचा फोन वाजला. त्यांनी कापला. पुन्हा वाजला. स्पीकर चुकून सुरू झाला आणि काकूंचा आवाज आमच्या बैठकीत आला : "अवं, नातू पुन्याहून आला, सकाळच्या गाडीनं चालला, आन तुम्ही कुठं फिरून राहिले? जेवन थंड झालं."

"वचनाच्या कामात आहो," काका म्हणाले आणि फोन उपडा ठेवला.

माझी बायको भाजीची थाळी घेऊन आत गेली. ती रागावली की अशीच आत जाते. स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच आवाजाने लागली.

तोवर मुलगी दिवाणावर झोपली होती. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत उपदेश करत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या-बसल्या पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. लोक हा भाग युतुखाला दोष द्यायला वापरतात. मला नेहमी वाटतं, ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने तो उपदेशकांसाठी लिहून ठेवला असावा. आमचं घर तळमजल्यावर आहे, एवढीच प्रभूची दया.

सव्वादहाला काकांनी घड्याळ पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं.

"मंग? आज कुटुंबप्रार्थना झाली का?"

"तुम्ही बसले होते नं, काका."

"मी निरीक्षक आहो. माझी उपस्थिती धरता येत नाही."

"मग आता करू. मुलीला उठवतो. तुम्हीच प्रार्थना करा."

"नाही, नाही." काकांनी हात असा मागे घेतला की जणू मी पाकीट पुढे केलं. "निरीक्षकानं करू नाही. हितसंबंध येते."

आणि त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर, माझ्याच घरातल्या एकुलत्या एक पेनाने, कारण त्यांच्या लाल पेनात पाणी गेलं होतं. लाल शाई त्यांनी रविवारी फलकावर वापरली.

हे मी हसून सांगतो, पण माझा राग गेलेला नाही. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना वचन शिकवायची आज्ञा आहे, आणि तिथे कधी शिकवायचं तेही आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. सही नाही, रकाना नाही, आणि तपासायला कोणी येईल असंही नाही. आमचं जे काही शास्त्र होतं ते बहुतेक स्कूटरवर होतं. इंदोरा चौकाच्या सिग्नलला पोरगा मागून ओरडतो, "बाबा, आदामाच्या पोराला, काइनाला, बायको कुठून मिळाली?" आणि शेजारच्या ऑटोवाल्यालाही उत्तर हवं असतं. भाजी निवडताना सासूला न सोडणाऱ्या रूथची गोष्ट निघते आणि ती आमच्या आईच्या सासरपर्यंत जाते. हे काकांना सांगितलं तर ते म्हणतील, शास्त्रभाग लिहा, वेळ लिहा, ऑटोवाल्याची साक्ष घ्या.

शास्त्र आणि संसार यांची ओढाताण आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत काही आजची नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने बायबलचा नवा करार हातात ठेवला, आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते कसं कळलं आणि पुढची वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर कशी काढली, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली. मधल्या वर्षांत त्या घरात किती लोकांनी मिळून किती अध्याय वाचले, हे कोणी तपासायला गेलं नाही म्हणून बरं. आम्ही आज त्याच टिळकांची गीतं डोळे मिटून गातो.

आणि मार्था-मरीयेवरचा उपदेश! दर वर्षी होतो. येशू घरी आला तेव्हा मार्था स्वयंपाकात गुंतली, तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली; मरीयेने चांगला वाटा निवडला. हा उपदेश चालू असताना आमच्या महिला संघाच्या बायका मागच्या शेडमध्ये समोसे तळत असतात. त्यांना तो ऐकूही येत नाही. मी एकदा कमिटीत म्हटलं की त्या दिवशी समोसे पुरुषांनी तळावेत. कार्यवृत्तात ते 'इतर चर्चा' या शीर्षकाखाली गेलं.

शेऱ्याबद्दल मी काकांना गाठलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मनावर नका घेऊ, सगळ्यात कमी शेरे तुमच्याकडेच आहेत. वर, आनंदाची बातमी म्हणून एक कागद हातात दिला. पुढच्या आठवड्यात शिबिर : 'कुटुंबासाठी वेळ कसा काढावा.' तीन संध्याकाळी, सहा ते नऊ, पतिपत्नी दोघांनी हजेरी आवश्यक. खाली जाड अक्षरात : मुलांना आणू नये.

बायकोने कागद दोनदा वाचला.

"मंग पोराईले कोन पाहीन, काका?"

काकांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. "हा मुद्दा चांगला आहे. लेखी द्या."