जरा हा कोट धरतोस का?

आयर्लंडमध्ये माणसाला कामाला जुंपायची रीत फार सभ्य आहे. इथे कोणी हुकूम सोडत नाही, गळही घालत नाही. "तुला शनिवारी सकाळी वेळ नसेलच ना?" एवढंच विचारतात. नकार प्रश्नातच तयार करून दिलेला असतो आणि तो आयता नकार उचलायची आपल्यालाच लाज वाटते. पुण्यात वर्गणीवाल्यांची चाहूल लागताच दिवे मालवून, टीव्ही बंद करून, पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसणारा मी कॉर्क शहराबाहेरच्या या गावात असल्या एका वाक्याने गारद झालो.

निमित्त त्याच पोरीचं. आता ती तेरा वर्षांची आहे आणि वर्गातल्या सगळ्या जणी कमोगी खेळतात म्हणून तिलाही खेळायचं होतं. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग, आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट काठी, ती हर्ली. चामड्याचा टणक चेंडू, तो स्लिटर. दोन्हीकडे पंधरा-पंधरा जणी, आणि स्लिटर जमिनीवर, हवेत, हातात, काठीवर, कुठेही असू शकतो. बहुतेक वेळा तो आपल्याला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. हेल्मेट सक्तीचं आहे हे ऐकून बायकोला हायसं वाटलं. मला धसका बसला. सक्ती उगाच कोणी करत नाही.

माझं काम फक्त सोडणं आणि आणणं, असं घरात ठरलं होतं. मधल्या वेळात बाजूच्या रेषेवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ही कल्पना करताना मी पाऊस हिशोबात धरला नव्हता. इथला पाऊस वरून पडतोच असं नाही, तो समोरून येतो. बाकीचे पालक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, घोट्यापर्यंतचे कोट आणि चहाचे थर्मास घेऊन आलेले. "आजची हवा तशी बरी आहे," असं एक जण मला म्हणाला तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं.

तेवढ्यात मुलींच्या कोच बाई आल्या. हातात पांढरा कोट आणि दोन झेंडे. "तुला हे जरा धरता येणार नाही ना?"

मी धरलं. त्या गेल्या. कोट आता माझा होता.

गोलपोस्टांशी अंपायर लागतात, दोन्ही टोकांना दोन-दोन. मोठ्या सामन्यांत रेफरी आपली माणसं बरोबर आणतो. पोरासोरांच्या सामन्यांत दोन्ही क्लब आपापले पालक पुरवतात. मला यातलं काही कळत नाही, असं मी सांगून पाहिलं. "अरे, तू भारतातला ना? मग अंपायरिंग तुला काय सांगायचं!" असं उत्तर आलं. त्या क्षणी माझ्यावर सबंध भारतीय क्रिकेटची अब्रू येऊन पडली आणि मी कोटाची बटणं लावली. मुलगी वॉर्मअप सोडून धावत आली. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला. "बाबा, प्लीज, मला ओळख दाखवू नकोस," म्हणाली आणि परत गेली.

नियम ऐकायला सोपे आहेत. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे. स्लिटर आडव्या दांडीखालून गेला तर गोल, हिरवा झेंडा, तीन गुण. दांडीवरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण, पांढरा झेंडा. बाहेर गेला तर दोन्ही हात पसरून ओवाळायचे. अडचण एकच: चेंडू खांबांच्या टोकापेक्षाही उंच गेला तर खांब मनातल्या मनात आभाळापर्यंत वाढवायचे आणि तो त्यांच्या आतून गेला की बाहेरून हे सांगायचं. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर हा निवाडा करायला २०१३ पासून हॉक-आय आहे. आमच्याकडे माझा चष्मा आहे, आणि त्याला वायपर नाहीत.

पलीकडच्या खांबाशी प्रतिस्पर्धी क्लबचा अंपायर होता. सत्तरीचा शेतकरी, डोक्यावर टोपी, नात त्यांच्या संघात. त्याने आधी मी कोणाचा हे विचारलं, मग भारतातला म्हटल्यावर त्याचं हृदय तपासणारा डॉक्टर आमच्याकडचाच असल्याचं सांगितलं. मी त्या डॉक्टरला ओळखत असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. हृदयावरून आम्ही गुडघ्यावर आलो. गुडघ्याच्या ऑपरेशनचा ऐन टाका घातला जात असताना आमच्या डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं. मी पांढऱ्या झेंड्याकडे वाकलो, तोवर त्याने हात पसरून ओवाळायला सुरुवात केली होती. गुण आमच्या मुलींचा होता हे वेगळं सांगायला नको. रेफरी बाई धावत आल्या. त्याने गंभीरपणे सांगितलं की चेंडू वितभर बाहेरून गेला. मी म्हटलं, हातभर आतून. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, त्याच्या टोपीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि गुण दिला. त्याच्या बाजूच्या पालकांतून एक आवाज आला, "त्या माणसाला चष्मा लागलाय का?"

"लागलाय!" मी ओरडून सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. अकरा-बारा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत इथे गुण मोजतच नाहीत. सगळ्यांनी खेळायचं, कोणी हरत नाही, असं धोरण आहे. फार चांगलं धोरण आहे. तेव्हाही प्रत्येक बापाच्या फोनमध्ये स्कोअर असायचा, हा भाग निराळा.

आता मात्र तो माझ्या हातातल्या भिजक्या कागदावर लिहायचा होता, आणि हिशोबाची तऱ्हा अशी की गोल वेगळे, गुण वेगळे. २०२४ च्या हर्लिंगच्या, जिल्ह्या-जिल्ह्यांच्या संघांतल्या, अखिल आयर्लंड अंतिम सामन्याचा निकाल कसा छापला गेला पाहा: क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. कॉर्कचे चौतीस पाहून मी टीव्हीसमोर टाळी वाजवणार होतो. तिनाने गुणून मिळवल्यावर अडतीस आणि सदतीस झाले. कॉर्क एका गुणाने हरलं होतं. २०२५ मध्ये ही दुविधा राहिली नाही. मध्यंतराला कॉर्क टिपररीच्या सहा गुणांनी पुढे होतं आणि उरलेल्या अख्ख्या अर्ध्या डावात त्यांनी दोन गुण केले. फक्त दोन. दुसऱ्या दिवशी गावात लाल-पांढरे झेंडे तसेच लोंबत होते आणि रस्त्यात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दुकानातल्या बाईंना मी धीर द्यायला म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." त्या म्हणाल्या, "२००५ पासून तेच म्हणतोय."

आणि हे खेळाडू पगार घेत नाहीत. मला पकडून ठेवणारी खरी गोम ती. क्रोक पार्कवर ८२,००० माणसांसमोर खेळलेला पोरगा दोन दिवसांनी आपल्या नोकरीवर हजर असतो. गावातल्या मैदानाचं गवत एक निवृत्त पोस्टमन कापतो, फुकट. कोच बाई नर्स आहेत, रात्रपाळी करून आलेल्या असतात. अशा ठिकाणी तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की मला शनिवारी जरा झोपायचं होतं? १ नोव्हेंबर १८८४ ला टिपररीतल्या थर्लस गावच्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅकने गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे हर्लिंग चालवणारी संघटना, काढली. त्या दिवशी नेमके किती जण हजर होते यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर उरलेले बाहेर गाड्या लावायला उभे असणार.

सामना आम्ही जिंकलो, म्हणजे मुली जिंकल्या. क्लबच्या खोलीत बॅरीज चहा आणि सँडविच. कॉर्कमध्ये बॅरीज सोडून दुसरा चहा मागणं मी आजवर टाळलंय. सँडविच तीन प्रकारची होती: हॅम, चिकन, आणि मी शाकाहारी आहे हे कळल्यावर एका आजींनी हॅम काढून दिलेलं. टोपीवाले काका माझ्या शेजारी येऊन बसले, गुडघा तिथूनच पुढे सुरू केला आणि उठता उठता म्हणाले, "तो आतूनच गेला होता बरं का."

कोट मी परत द्यायला गेलो. "असू दे तुझ्याकडेच," बाई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या वॉशिंग मशीनमध्ये दर रविवारी एक पांढरा कोट फिरतो. मग क्लब लोटोची, म्हणजे क्लबच्या लॉटरीची, दोन-दोन युरोंची तिकिटं आली, ती मी ऑफिसात खपवतो. मग पार्किंगचं पिवळं जाकीट आलं.

"तुला नाही म्हणता येत नाही, हा तुझा प्रॉब्लेम आहे," असं बायको म्हणायची. तिला येतं. वर्षअखेरीच्या सर्वसाधारण सभेला ती केवळ मला न्यायला आली होती. खजिनदाराच्या जागेसाठी नाव मागितलं तेव्हा सगळा हॉल आपापल्या बुटांकडे पाहत होता. बराच वेळ. ती मागच्या रांगेत वार्षिक हिशोबाचा कागद चाळत होती आणि तिने हात वर करून सहज विचारलं, "जर्सींचा खर्च दोनदा का लिहिलाय?"

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. कोणीतरी अनुमोदन दिलं, टाळ्यासुद्धा वाजल्या. आता लोटोचा गल्ला आमच्या स्वयंपाकघरात मोजला जातो, आणि परवा मी पेट्रोलचे पैसे मागितले तर तिने आधी पावती मागितली.