रात्री दहानंतर बांधकामाची यंत्रं बंद म्हणजे बंद

वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत, हा कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० साली तशी स्पष्ट तरतूद आली. पण आमच्या जळगावात उन्हाळा लागला की ती कुणी जुमानत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ऊन.

कारण खोटं नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, सळईला हात लावला की चटका बसतो. शेजारच्या साइटवरचा सेंट्रिंगवाला म्हणाला, "ताई, दुपारना उनमा काम कसं करसूत?" बरोबर आहे त्याचं. ४० अंशांच्या वर काँक्रीटही लवकर आळतं, तडे जातात. आणि स्लॅब अर्ध्यावर मनाला येईल तिथे थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो.

पण म्हणून रात्री साडेअकराला मिक्सर सुरू करायचा? कायद्याने सोळा तास मोकळे दिलेत. सहाला लागा, अकराला थांबा, ऊन उतरलं की पुन्हा लागा. मालात बर्फाचं पाणी वापरा, उशिरा आळण्याचं रसायन घाला. खर्च वाढेल, मान्य. तो बिल्डरने सोसावा, गल्लीच्या झोपेतून वसूल करू नये.

उन्हाळ्यात आमची अर्धी कॉलनी गच्चीवर झोपते. लाइट गेली की उरलेलीही वर येते. तिथे आवाज अडवायला ना भिंत, ना खिडकी. लोखंडी प्लेटा वरून खाली आदळल्या की तान्ही पोरं दचकून रडायला लागतात. आणि ज्यांच्या नावाने हे चालतं त्या मजुरांचं काय? रात्रभर पाट्या वाहून ते दिवसा झोपणार कुठे, तर साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी!

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रात्रीच्या बंदीची तक्रार करायला डेसिबल मोजून दाखवावे लागत नाहीत. बंदी मोडली, एवढं पुरे. ११२ ला फोन करा, वेळ टिपून ठेवा, व्हिडिओ काढा. एकट्याने केलं तर तोच वाईट ठरतो, म्हणून अर्जावर सगळ्या गल्लीच्या सह्या घ्या.

महापालिकेकडे माझी मागणी एवढीच: बांधकाम परवानगीतच कामाच्या वेळा लिहा, आणि साइटच्या फलकावर त्या वेळा व जबाबदार माणसाचा नंबर लावायला सांगा. पुढचा मार्च उजाडायच्या आत.